लग्नासाठी जपलेल्या बुटांचा भुगा का झाला, आणि ऑफिससाठी आता कोणते घ्यावेत

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, मुंबईत बँकेत नोकरी, रोज फॉर्मल बूट सक्तीचे, डोंबिवलीहून लोकलने ये-जा. दोन वर्षांत दोन जोड गेले. एकाच्या वरच्या बाजूचे पापुद्रे सुटले, दुसऱ्याचा तळ पावसाळ्यात उघडला. आणि भावाच्या लग्नासाठी घेतलेला, जेमतेम चारदा घातलेला महागातला जोड पाच वर्षांनी खोक्यातून काढला, तर कार्यालयात पोचेपर्यंत तळाचा भुगा झाला. बजेट ६,००० रुपये. कोणते घेऊ आणि कसे सांभाळू?

शेवटच्या जोडापासून सुरू करतो, कारण त्या भुग्यातच बाकीच्या दोन तक्रारींचं उत्तर आहे.

बूट दुरुस्तीत माझी २४ वर्षं गेली. लग्नसराई आली की पिशवीत असा भुगा घेऊन कुणीतरी येतंच, आणि प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, वापरलेलेच नाहीत हो!" त्यांना वाटतं दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. क्वचित तसं असतंही. पण बहुतेक वेळा दोष पॉलियुरेथेनचा, म्हणजे आपण ज्याला पीयू म्हणतो त्याचा. पीयूचा तळ हलका, मऊ, आतून बारीक छिद्रांचा असतो. दुकानात दोन पावलं टाकली की गादीवर चालल्यासारखं वाटतं, म्हणून तो खपतो. पण हवेतली वाफ या पदार्थाच्या लांबलचक रेणूसाखळ्या हळूहळू तोडत राहते. बाहेरून काही दिसत नाही. कपाट दमट, खोकं बंद, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, असं असलं की तीन-पाच वर्षांत तळ आतून शिळ्या केकसारखा होतो आणि पहिल्या शंभर पावलांत विरतो. तुम्ही बूट जपलेत, पण ज्या जागी जपलेत तिथेच त्याचं मरण होतं.

पापुद्रे सुटलेला जोडही त्याचाच भाऊ. कापडावर पीयूचा पातळ थर चढवून चामड्यासारखा केलेला तो पत्रा होता. घाम आणि दमट हवा, दोन्हींनी थर सुटला. त्याला पॉलिश लावून उपयोग नाही, क्रीम लावून नाही, काहीच लावून नाही. तो फेकायचाच. पावसाळ्यात गेलेल्या जोडाचा तळ उघडला तो डिंक सुटल्यामुळे, आणि डिंक सुटला तो भिजून अर्धवट वाळलेला बूट दुसऱ्या दिवशी पुन्हा पायात गेल्यामुळे. बघा, तिन्हीत चालण्याचा दोष नाही. ओल आहे.

आता खरेदी. पावसात चालायचं, गर्दीत पाय तुडवून घ्यायचे आणि खिशात ६,००० आहेत, तर मी सांगेन: काळा, साधा, खऱ्या चामड्याचा डर्बी, टीपीआर (म्हणजे काय ते पुढे सांगतो) किंवा रबरी तळाचा.

डर्बी आणि ऑक्सफर्ड यांतला फरक नक्षीत नसतो, लेसच्या पट्ट्यांत असतो. ज्या दोन पट्ट्यांना लेसची भोकं असतात, त्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या असल्या तर ऑक्सफर्ड. वरून शिवलेल्या आणि पंखांसारख्या मोकळ्या उघडणाऱ्या असल्या तर डर्बी. त्या बारीक भोकांच्या नक्षीला ब्रोग म्हणतात, ती दोन्हींवर असू शकते. ऑक्सफर्ड जास्त औपचारिक, काळ्या सुटाखाली देखणा दिसतो यात वाद नाही. पण त्याला पाय त्याच्या मापाचा लागतो. पायाचा वरचा भाग उंच असेल तर पट्ट्या मिटतच नाहीत, मध्ये इंग्रजी व्ही दिसत राहतो आणि संध्याकाळी पायावर लेसचे वळ उठतात. डर्बी सकाळी आवळता येतो, दुपारी पाय सुजला की सैल करता येतो. लोकलमध्ये तासभर उभं राहणाऱ्याला हे महत्त्वाचं.

आपले पाय पुढून रुंद असतात, हे माझ्यासारखे लोक पूर्वीपासून सांगत आलेत. लहानपण अनवाणी आणि चपलेत गेलं की बोटं पसरतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात १ लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, तेव्हा त्यातूनही तेच निघालं, आणि भारतीय पायांसाठी 'भ' नावाची वेगळी मापपद्धत सुचवली गेली. दुकानांत मात्र अजून इंग्रजी नंबरच चालतो. त्यात एका नंबराचं अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, सुमारे साडेआठ मिलिमीटर. आपला ८ नंबर युरोपी मापात साधारण ४२ आणि अमेरिकी मापात ९ च्या आसपास. 'आसपास' यासाठी म्हटलं की बूट ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवतात तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. एका कंपनीचा ८ बसतो म्हणून दुसरीचा ८ डोळे मिटून ऑनलाइन मागवू नका.

आणि इथे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची चूक होते. बूट पुढून चावतो म्हणून ते एक नंबर मोठा घेतात. रुंदी कमी पडत असते आणि ते लांबी वाढवतात. मग पाय आत पुढे-मागे सरकतो, टाच घासते, फोड येतो, आणि बुटाची घडी जिथे पडायला हवी तिथे न पडता बोटांच्या मुळाच्या पुढे पडते. त्या चुकीच्या घडीवर चामडं आधी तडकतं. बोटं आवळत असतील तर त्याच नंबरात रुंद फिटिंग मागा. नसेल तर गोल नाकाचा दुसरा नमुना बघा. चपट्या, लांब, चोचीसारख्या नाकाचे बूट रुंद पायाच्या माणसाने घेऊच नयेत. फॅशनवर माझा राग नाही, पण त्या चोचीत बोटं जातच नाहीत, नुसती हवा असते, आणि जिन्यात तीच चोच अडकते.

बूट घालून बघायला संध्याकाळी जा, सकाळी नको. दिवसभरात पाय फुगतो. ऑफिसला घालता तेच मोजे पायात असू द्या. दोन्ही बूट घाला, लेस बांधा, उभे राहा. दोन पायांत थोडा फरक बहुतेकांना असतो, मोठ्या पायाच्या मापाने घ्या, दुसऱ्यात पातळ इनसोल टाकता येतो. अंगठ्यापुढे साधारण अर्धा इंच मोकळा हवा. अंगठ्याच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा आहे, तो बुटाच्या सर्वांत रुंद जागी यायला हवा, ही खूण नंबराहून भरवशाची. नव्या कडक बुटात टाच किंचित उचलली जाते, ते चालेल. लेस बांधल्यावर दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट राहिली तर उत्तम. नव्यातच पट्ट्या एकमेकींना टेकल्या तर बूट मोठा आहे, कारण चामडं सैल होणार आणि मग आवळायला जागाच उरणार नाही. "घालून घालून सैल होईल" हे दुकानदाराचं वाक्य रुंदीबाबत थोडंफार खरं, लांबीबाबत साफ खोटं.

चामडं ओळखायची एक सोपी युक्ती आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. चांगल्या कंपनीच्या, विशेषतः निर्यातीचा माल बनवणाऱ्या कारखान्यांच्या बुटात किंवा खोक्यावर छोटी चित्रं असतात: एक वरच्या भागासाठी, एक अस्तरासाठी, एक तळासाठी. पसरलेल्या कातड्याचं चित्र म्हणजे चामडं. त्या कातड्यात बर्फीचा आकार काढलेला असेल तर लेप दिलेलं चामडं. विणलेली जाळी म्हणजे कापड. नुसती बर्फी म्हणजे बाकी काहीही, बहुतेक वेळा पीयू नाहीतर रबर. ही युरोपातली सक्तीची खूण, पण माल तिथला असो वा इथला, चित्र वाचता आलं की फसवणूक कमी होते. चित्र नसेल तर वरचा भाग अंगठ्याने दाबा. चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात आणि अंगठा काढल्यावर विरतात. आरशासारख्या गुळगुळीत, प्लास्टिकसारख्या चकाकणाऱ्या, कातडीचं एकही बारीक छिद्र न दिसणाऱ्या चामड्यावर जाड रंगाचा थर असतो. अशा चामड्याची वरची त्वचा घासून वर रंग चढवलेला असतो. ६,००० च्या आत बहुतांश हेच मिळेल, आणि मुंबईच्या पावसाला ते वाईट नाही. फक्त घडीवर रंग तडकला की तो भरून येत नाही.

अस्तर मात्र चामड्याचं बघा. वर चामडं आणि आत रेक्झिन, ही सर्रास चालणारी काटकसर आहे. घाम आतल्या बाजूने येतो, बाहेरून नाही.

तळाबद्दल. पीयू नको, हे वर आलंच. टीपीआर म्हणजे वितळवून ओतलेलं रबर, ते पीयूपेक्षा जड असतं आणि असं विरत नाही. हातात दोन्ही बूट घेऊन बघा. मोठ्या बुटाचा तळ नवल वाटावं इतका हलका असेल तर सेल्समनला सरळ विचारा, पीयू आहे का? चामड्याचा तळ या बजेटात मिळाला तरी घेऊ नका. ओल्या फलाटावर तो साबणासारखा घसरतो.

गुडइयर वेल्ट या तळ शिवण्याच्या पद्धतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ऐकलं असेल. टायरवाल्यांनी बूट कधी सुरू केले, असं मला एकाने विचारलं होतं. टायर कंपनीचा याच्याशी संबंध नाही. रबर पक्कं करण्याची कृती शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाचं, धाकट्या चार्ल्स गुडइयरचं नाव या शिलाई यंत्राला एकोणिसाव्या शतकात मिळालं. टायर कंपनी १८९८ ची, तिने थोरल्याचं नाव घेतलं. या पद्धतीत बुटाच्या कडेने चामड्याची एक पट्टी आधी वरच्या भागाला आणि आतल्या तळाला शिवतात, मग बाहेरचा तळ त्या पट्टीला शिवतात. त्यामुळे तळ झिजला की पट्टीची शिलाई उसवून नवा तळ बसवायचा, वरच्या भागाला सुई लागत नाही. असा बूट तीन-चार तळ सहज खातो. ब्लेक शिलाई याहून जुनी, १८५८ च्या पेटंटची. त्यात आतून थेट तळापर्यंत एकच टाका. बूट सडपातळ आणि लवचीक होतो, पण टाक्याच्या भोकांतून पाणी आत येतं. आग्रा, कानपूर, तमिळनाडूतलं अंबूर-राणीपेट या पट्ट्यांत वेल्टचे उत्तम बूट बनतात, पण ६,००० त ते सहसा बसत नाहीत. वेल्टची खोटी पट्टी चिकटवलेले बूट मात्र भरपूर मिळतात. कडेला टाके दिसतात, खाली तळावर टाक्यांची रेघच नसते. एखाद्या तळात टाके खाचेत लपवलेले असतात हे खरं, पण या किमतीत तसं समजायचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर ६,००० चा एक जोड घेऊ नका. ३,००० च्या आसपासचे दोन घ्या, एक काळा, एक गडद तपकिरी, आणि आलटून पालटून घाला. दिवसभरात पायाचा घाम अस्तरात आणि आतल्या तळात मुरतो, तो एका रात्रीत सुकत नाही. मध्ये एक दिवस सुट्टी मिळाली की दोन जोड मिळून एकापाठोपाठ एक घेतलेल्या दोन जोडांपेक्षा बरेच जास्त टिकतात. हे मी हिशोब मांडून सिद्ध करू शकत नाही, पण दुकानात रोज बघतो.

आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ते बूट डोंबिवलीला नेऊच नका. टेबलाखाली ठेवा आणि ये-जा पावसाळी चपलेत करा. निम्मी मुंबई हेच करते, यात लाजण्यासारखं काही नाही.

तरी भिजलेच, तर? लेस काढा, आतला सुटा इनसोल काढा, सुक्या फडक्याने टिपा, आत कागद कोंबा. जुनं वर्तमानपत्र चालेल, फक्त फिक्या रंगाच्या अस्तराला शाई लागते, तिथे कोरा कागद. तासा-दोन तासांनी कागद बदला, कारण ओला कागद आत ठेवून काही होत नाही. बूट कुशीवर आडवे ठेवा म्हणजे तळालाही हवा लागते. सावलीत, पंख्याखाली, दीड-दोन दिवस. फ्रिजच्या मागे नको, ऊन नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून मी त्यांचा भिजलेला जोड हॅलोजनच्या दिव्याखाली ठेवला होता. तासाभरात चामडं पापडासारखं कडक झालं आणि त्यांनी घातल्यावर बोटांच्या घडीवर आडवी चीर गेली. बुटाची किंमत मी भरून दिली, आणि त्या महिन्यात माझ्या हातात फार काही उरलं नाही.

पावसाळ्यात बुटांवर पांढरट पीठ धरतं ती बुरशी. ती घरात झटकू नका, बाहेर गॅलरीत सुक्या ब्रशने काढा. मग निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर करून फडकं जेमतेम ओलं करा आणि आतून-बाहेरून पुसा. आधी आतल्या कडेला थोडं लावून रंग जात नाही ना बघा. पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. डांबरगोळी किड्यांसाठी ठीक, दमट हवेवर ती उपाय नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण निळ्या दाण्यांच्या गुलाबी झाल्या की त्या भरल्या, असं समजा. प्लास्टिकच्या पिशवीत बूट कधीच बांधून ठेवू नका.

खोबरेल तेलाबद्दल सांगावंच लागेल. घरोघरी कुणीतरी वडीलधारं सांगतं, "चामड्याला तेल लाव." कोल्हापुरीला थोडं तेल लावतात ते ठीक, तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं असतं, उघडं असतं. ऑफिसच्या बुटाचं चामडं बहुतेक वेळा क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, वर रंग चढवलेलं. त्यावर तेल चढत नाही, शिवणीत मुरतं, दोरा कुजवतं, डिंक सैल करतं आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं.

पॉलिश त्यामानाने लहान गोष्ट. रोज घरी आल्यावर अर्धा मिनिट ब्रश मारा, शिवणीतली धूळ निघाली पाहिजे. धूळ म्हणजे बारीक वाळूच, घडीत बसून ती चामडं कापते. पंधरा दिवसांतून एकदा ओलसर फडक्याने पुसून सुकल्यावर क्रीम लावा, अगदी शेंगदाण्याएवढं. पाच-दहा मिनिटं थांबा, मग ब्रश. डबीतलं मेणाचं पॉलिश फक्त नाकावर आणि टाचेवर, घडीवर नको, तिथे मेणाची खपली होते. स्पंज लावलेल्या बाटलीतलं लिक्विड पॉलिश मुलाखतीच्या सकाळी वापरा हवं तर, सवय लावू नका. त्याचा थरावर थर बसत जातो आणि मग तो चिरतो. स्वेडच्या, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याच्या बुटाला यातलं काहीही लागू नाही, त्याला फक्त रबरी किंवा मऊ तारेचा ब्रश. आणि मुंबईत रोजच्यासाठी स्वेड घेऊच नका.

बूट मोडण्याचं आपल्याकडचं आणखी एक खास कारण म्हणजे दारात काढायची पद्धत. घरात काढायचे, देवळात काढायचे, कुणाकडे गेलो की काढायचे. म्हणून लोक लेस कायमची बांधून ठेवतात आणि टाच चेपून पाय आत ढकलतात. त्या टाचेमागे आत एक कडक पट्टी असते, ती एकदा मोडली की नीट दुरुस्त होत नाही. दहा-वीस रुपयांचा शूहॉर्न दाराशी टांगा. खूप ठिकाणी काढ-घाल करावी लागत असेल तर दुसरा जोड लोफर घ्या, बिनलेसचा. बँकेत चालतो.

लेस सारखी सुटत असेल तर गाठ बघा. फुलाचे दोन कान बुटावर आडवे पडले तर गाठ बरोबर. वर-खाली, पायाच्या दिशेने उभे राहिले तर ती उलटी गाठ. दुसरा वेढा पहिल्याच्या विरुद्ध बाजूने घ्या. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी चालताना लेस का सुटते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक पावलाचा दणका गाठ सैल करतो आणि मोकळी टोकं हेलकावे खात तिला ओढतात. उलटी गाठ त्यातही लवकर सुटते.

रंगसंगतीत मी फार पडत नाही. पट्टा बुटाच्या रंगाचा, मोजे पँटच्या रंगाचे आणि बसल्यावर पोटरी न दिसेल इतके लांब. पांढरे मोजे शाळेत ठीक होते.

टाच रबराची असेल तर ती झिजून आतला ठोकळा दिसायच्या आधीच बदलून घ्या, फार पैसे लागत नाहीत. ठोकळा घासला गेला की खर्च वाढतो आणि चाल वाकडी होते. नव्या चिकटवलेल्या बुटाला मोच्याकडून कडेने शिलाई मारून घ्यावी का, असं बरेच विचारतात. तळाला वाटीसारखी उभी कड असेल तर जरूर मारा, मेण लावलेल्या दोऱ्याने. सपाट तळाला मारू नका. खालचा दोरा महिनाभरात रस्त्यावर झिजतो आणि पाण्याला भोकं मात्र तयार.

लग्नाचा जोड फेकला नसेल तर वरचा भाग एकदा अंगठ्याने दाबून बघा. चामडं खरं निघालं तर त्याच मापाचा टीपीआरचा तळ त्याला बसतो. दुरुस्तीला देताना एवढंच सांगा की जुन्या पीयूचा कण न् कण खरवडून काढल्याशिवाय सोल्युशन लावायचं नाही. उरलेल्या भुग्यावर चिकटवलेला नवा तळ पहिल्याच दिवशी सुटतो, आणि मग तो तुम्ही माझ्याकडे घेऊन येता.